पलूसहून टेम्पो भरून आलेले साक्षीदार

माझ्या मयताला आलेल्या माणसांना मीच चहा करून दिला. साखर जरा कमी पडली, पण मेलेल्या बाईच्या चहाला कोण नावं ठेवणार?

या मयताचं मूळ कॅनडात होतं. तिकडे आमच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणाला आई हवी म्हणून तिनं मला बोलावण्याचा अर्ज केला होता. तिकडच्या कचेरीनं विचारलं, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कलावती आहे आणि येणारी बाई पासपोर्टवर सुमित्रा आहे. तर ही सुमित्रा कोण?

प्रश्न रास्त होता. माहेरी, पलूसला, मी कलावती. लग्नात लोणंदच्या सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘सुमित्रा’ लिहिलं, पेढे वाटले, झालं नाव बदलून! पुढं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणं माहेरी झालं आणि जन्माची नोंद करायला गेला माझा दादा. त्यानं बहिणीचं त्याला ठाऊक होतं तेच नाव सांगितलं. लग्नाची नोंदणी कुणी केलीच नव्हती. राहता राहिला पुरावा तांदळाचा, तर त्याचा दुसऱ्याच दिवशी भात झाला. (पुरावा आमटीबरोबर खाणारं आमचं एकच घराणं असावं.)

साताऱ्याच्या वकिलांनी सांगितलं, वर्तमानपत्रात जाहीर निवेदन द्या आणि दोन्ही नावांनी ओळखणारी माहेरची माणसं प्रतिज्ञापत्राला आणा. मी दादाला फोन केला.

“टोळी उसाच्या फडात उतरलीया गं,” तो म्हणाला. “आता तोड सोडून कसं येऊ? कारखान्याची गाडी हुबी हाय.”

पुतण्यांचंही तेच. लेक तिकडं पोटावर हात ठेवून वाट बघत होती आणि इकडं मला ओळखायला कुणाला सवड नव्हती.

निवेदनाचं काम आमच्या ह्यांनी हाती घेतलं. हे फौजेतून निवृत्त. बारीक टायपातली जाहिरात म्हणजे ह्यांच्या मते पळपुटेपणा. ह्यांनी चौकट घेतली, वर माझा फोटो, खाली ठळक अक्षरांत माहेरचं पूर्ण नाव, आणि मुद्दाम पलूसकडच्या आवृत्तीत! मजकूर अगदी बिनचूक होता. पण आमच्या भागात घरगुती बाईचा फोटो चौकटीत एकदाच छापून येतो, आणि तो दिसला की खालचं बारीक कुणी वाचत बसत नाही. चपला घालतात.

फोटो बघून दादानं आधी आम्हाला फोन लावले होते. पण त्याच सकाळी हे वकिलांकडे गेले होते, ओटीपी येईल म्हणून माझाही फोन घेऊन, आणि तिथं पोचल्यावर दोन्ही फोन बंद करून बसले होते. (वकिलासमोर फोन वाजणं ह्यांना बेशिस्त वाटतं.)

दुपारी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि हंबरडा ऐकू आला. शेजारच्या शमीमभाभी आधी पुढं झाल्या. कलावतीचं घर कुठलं, असं टेम्पोवाल्यानं विचारल्यावर त्यांनी ठासून सांगितलं की या गल्लीत कुणी कलावती राहत नाही, तुमचं मयत स्टेशनकडं असेल. तो गाडी वळवायलाही लागला! तेवढ्यात मी डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आले. मयत कुणाचंही असो, दाराशी रडणं आलं की आपण जायचं. तोंडावर पदर घेतलेली एक बाई माझ्या गळ्यात पडली. मीही रीतसर रडायला लागले.

“कोण गेलं गं बाई?” मी विचारलं.

“आमची कला गेली.”

“अरेरे,” मी म्हणाले, “कधी?”

सुमित्रा होऊन इतकी वर्षं झाली होती की मला खरंच वाईट वाटलं. मग त्या बाईनं पदर बाजूला केला. ती माझी वहिनी होती. तिनं मला पाहिलं आणि रस्त्यातच फतकल मारली. मागून हार घेऊन दादा आला. त्यानं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं.

“कले, तू हायस व्हय गं?” एवढंच म्हणाला, आणि मग जो रडला, तसा तो टेम्पोतही रडला नव्हता म्हणे.

घरात आल्यावर वहिनी चहाला हात लावेना. मयताच्या घरचं कसं प्यायचं? दादानं तोडगा काढला. “मढंच चहा करतंय न्हवं? पी गप.”

एवढ्यात हे परतले. दारात टेम्पो, पांढऱ्या टोप्या, हार! हे उंबऱ्याबाहेरच सावधान उभे राहिले. मी कप पुढं केला तेव्हा कुठं ह्यांनी श्वास सोडला. पण माणूस फौजी. कप रिकामा व्हायच्या आत ह्यांच्या ध्यानात आलं की ज्यांच्यासाठी इतके दिवस मनधरण्या केल्या ते सगळे साक्षीदार घरात बसलेत, आणि आधार कार्डांसकट! (स्मशानातही मागतात म्हणून दादानं सगळ्यांना घ्यायला लावली होती.) ह्यांनी सगळ्यांना पुन्हा टेम्पोत चढवलं. शमीमभाभीही चढल्या. आता त्यांनाही माझी दोन्ही नावं पाठ झाली होती.

हिला कलावती म्हणून ओळखता ते कशावरून, असं नोटरीनं चष्म्यावरून बघत विचारलं.

“आवं सायेब,” दादा म्हणाला, “हिच्या मयताला आलोय आमी. आजून काय पायजे?”

नोटरीनं शिक्का उचलला.

सहीसाठी ज्यांना तोड सोडता येत नव्हती, ती माणसं बहिणीसाठी कोयते तसेच टाकून आली होती. भावकीबद्दल आजवर जे जे बोलले होते ते सगळं मी त्या टेम्पोत मनातल्या मनात परत घेतलं.

व्हिसा वेळेत आला. कॅनडाच्या विमानतळावर मी सगळी प्रतिज्ञापत्रं छातीशी धरून रांगेत उभी राहिले. दोन नावांची सगळी हकीकत पाठ करून ठेवली होती. काचेमागच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला, माझ्याकडं बघून हसत शिक्का मारला आणि हातानंच ‘जा’ म्हणून खुणावलं. बस, एवढंच!

मी हलले नाही. फाइल उघडून काचेला लावली आणि मला नीट येते त्या एकमेव भाषेत त्याला म्हटलं, “साहेब, माणसं ऊस सोडून आली होती. एकदा नजर तरी टाका.”

शेवटी मला बाजूला न्यायला दुसरा अधिकारी बोलवावा लागला. बाहेर लेक अवघडून उभी होती म्हणून गेले, नाहीतर दादापासून शमीमभाभींपर्यंत एकूण एक प्रतिज्ञापत्र मी त्याला वाचून दाखवणार होते.