झोपलेला हात

कासारमामा बाईच्या हाताचं माप डोळे मिटून सांगायचे. वाशीच्या बाजारात बाई बांगड्या भरायला पुढ्यात बसली, की तिची बोटं मुळाशी एकदाच चेपायचे आणि म्हणायचे, "सव्वादोन. हात सैल सोड बाई, भिऊ नको." ते माझे सख्खे मामा. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं.

बारशाच्या घरी गेले, की बाळ झोपायची वाट बघत बसत. "जागा हात आखडतो. झोपला की सगळं खरं सांगतो," म्हणायचे. बाळाला कळायच्या आत बांगड्या मनगटात.

मग मामांच्या हातांना कंपवात आला. एकदा भरता भरता बांगडी फुटली, एका नव्या नवरीचं मनगट कापलं. "लई न्हाय लागलं, मामा," म्हणत ती रिवाजाप्रमाणं त्यांच्या पाया पडायला वाकली. मामांनी पाय आत ओढून घेतले. त्या दिवसापासून दुकान बंद.

गोळ्या पुरेनात, तेव्हा मी त्यांना पुण्याला नेलं. मेंदूत खोल एक बारीक तार बसवायची, तिच्यातल्या विजेनं थरथर कमी होते. पण माणसाला जागं ठेवून डोकं उघडतात, असं मामांनी कुठंतरी ऐकलं होतं. "जागेपणी मला जमायचं न्हाय, बापू."

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. "आम्ही भूल देऊनही करतो. झोपेतही मेंदूतून संकेत येत असतात. त्यांवरून तार कुठवर न्यायची ते कळतं."

बाहेर मामा बाकड्यावर एका हातानं दुसरा दाबून बसले होते.

"काय म्हणले? जागंच ठेवत्यात?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग चल गड्या. डोक्याचं छप्पर हाय तसंच बरं हाय."

मी भ्यालो होतो, हे खरंच. पण तेवढंच नव्हतं. रजा, पुण्याच्या फेऱ्या, कागदावर माझी सही, आणि काही झालं तर मामीचे डोळे. मला ते नको होतं.

दोन वर्षं गप्प राहिलो. मामी घास भरवायला लागली, तेव्हा पुन्हा नेलं. तोवर मामांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "विस्मरण इतकं वाढल्यावर नाही करता येत. आणखी बिघडेल."

गेल्या आठवड्यात दुपारी मामी दळणाला गेली, तेव्हा मी मामांजवळ बसलो. "झोपवून करत होते, मामा. मी तुमच्यापासून लपवलं."

 मामांनी थरथरत्या हातांनी माझा हात ओढून घेतला, बोटं मुळाशी चेपली.

"आखडलाय," म्हणाले. "सैल सोड बाई, भिऊ नको."