तरस घाबरायला हवं होतं

लोकांच्या घरात मांजर असतं, आमच्याकडे तरस होतं. मी ते बाटलीनं दूध पाजून वाढवलं असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या हातांची बोटं बघतो. बघा खुशाल, सगळी शाबूत आहेत.

गिरणी बंद पडली आणि आमचे हे गोरेगावात एका शेठकडे लागले. शेठ सिनेमावाल्यांना जनावरं पुरवायचा. घोडे, माकडं, एक सुस्तावलेला अजगर. स्टुडिओच्या मागच्या बाजूला त्याचं आवार होतं आणि तिथल्याच एका पत्र्याच्या खोलीत आमचा संसार. घोड्यांच्या शेजारी राहते म्हणून माझ्या माहेरच्यांनी भरपूर नाकं मुरडली होती. त्यात एके दिवशी हे शर्टाच्या आत काहीतरी लपवून घरी आले. मला वाटलं, कुत्र्याचं पिल्लू.

"तरस आसा," हे म्हणाले. "शेठ म्हणता, वाढव."

"अहो, तरस? माझ्या घरात?"

"मग खंय ठेवू? घोड्यात?"

मादी होती. हे तिला 'बाय' म्हणायचे, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं. आम्हाला मूल नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी तर्क लढवत बसायला नको.

बायनं माझा पोळपाट कुरतडला, यांच्या चपला खाल्ल्या, आणि दात आल्यावर बकऱ्याची हाडं अशी फोडायला लागली की शेजारीण भिंतीवर थापा मारायची. वास तर विचारूच नका. मी रोज तिला शिव्या घालायची आणि रोज तिच्यासाठी कलेजी चिरायची. संध्याकाळी यांनी दारातून "गो बाय" अशी हाक मारली की ती असेल तिथून धावायची आणि यांच्या पायांवर उताणी पडायची. गिरणीत पाळ्या करून करून आंबट झालेला आमचा माणूस तेव्हा लहान पोरासारखा हसायचा.

शिकवायची यांची एकच रीत होती. ज्याची भीती वाटेल ते आणि कलेजी, दोन्ही एकदम समोर ठेवायचं. थाळी बडवली की कलेजी. छत्री फटकन उघडली की कलेजी. शूटिंगच्या झगझगीत दिव्यासमोर उभी राहिली की कलेजी. सेटवर जनावर बिथरलं तर माणसं मरतात, म्हणून हे जिवाचं रान करत होते. मोठी होईपर्यंत बाय कशालाच घाबरेनाशी झाली. कानाशी फटाका फुटला तरी ती वळून यांचे हात हुंगायची. हे सगळ्या आवाराला बोलावून ते दाखवायचे.

आणि पहिलं काम आलं ते स्मशानातलं. मांत्रिकासमोर तरस मानेवरचे, पाठीवरचे केस ताठ उभे करून येतं, असा शॉट होता. आता तरसाचे केस उभे राहतात ते भीतीनं. बघणाऱ्याला वाटतं चवताळलंय, पण ते बिचारं घाबरलेलं असतं. आमची बाय कशाला घाबरतेय? डबे वाजवले, फटाके लावले, चार माणसं अंगावर धावून गेली. ती आपली जीभ काढून प्रत्येकापाशी कलेजी मागत फिरली. युनिट आधी हसलं, मग वैतागलं. दुपारी शेठनं यांना बाजूला घेतलं. आज शॉट झाला नाही तर तिला सर्कशीच्या पिंजऱ्यात धाडणार, म्हणाला. सर्कशीतली जनावरं आम्ही पाहिली होती.

हे बराच वेळ एका खोट्या समाधीवर बसून राहिले. मी कलेजीचं भांडं घेऊन शेजारी उभी. मग उठले आणि तंबूचा एक बांबू उचलला. तिला न सांगता मारणं यांच्याच्यानं होईना. आधी म्हणाले, "गो बाय, माफ कर माका," आणि हाणला.

मी तिचे केस तसे उभे राहिलेले तेव्हा पहिल्यांदा पाहिले. कॅमेरा चालूच होता. शॉट एका झटक्यात ओके झाला, टाळ्या पडल्या. कुणीतरी "झकास!" ओरडलं. बाय वाचली.

पण त्या दिवसापासून यांनी हाक मारली की तिचे केस उभे राहायचे. हे नुसते दारात आले तरी ती कोपऱ्यात सरकायची, दुप्पट मोठी व्हायची आणि थरथरत उभी राहायची. यांनी आपली जुनीच रीत लावली. हातात कलेजी, तोंडानं हाक. रोज, न थकता. ती घ्यायची नाही. जगातली सगळी भीती यांनी तिच्या मनातून काढली होती, स्वतःची काही काढता येईना. सिनेमावाल्यांची मात्र चंगळ झाली. त्यांना आता बांबूही लागत नव्हता. "काका, बोला ना तुमचं ते," असं म्हणायचे. मग हे कॅमेऱ्यामागे उभे राहून हाक मारायचे. घरी आल्यावर ताटावर बसायचे आणि भात नुसता चिवडायचे. मला शेठचा राग यायचा, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा यायचा. यांचा कधी आला नाही.

पुढे काही वर्षांनी बायनं खाणं टाकलं. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि मान हलवली. शेवटच्या दुपारी मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हे दाराबाहेर, भिंतीला टेकून. मी खुणेनं म्हटलं, आत या, एकदा हात तरी लावा.

"नको," हे अगदी हळू म्हणाले. "माका बघून उठतली ती. निजांदे तिका."

यांना तेव्हा खोकल्याची ढास लागलेली. बाय जाईपर्यंत हे तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून बसले होते.