दीक्षाचं लायसन्स आणि माझं

मी ओमानला निघालो त्या सकाळी माझी मुलगी दीक्षा अंगणात नव्या सायकलवर बसून होती. पाच वर्षांची होती. सायकल मी आठवड्यापूर्वीच देवरूखहून आणली होती आणि मे महिन्यात शिकवतो म्हणून कबूल केलं होतं. पण व्हिसा एप्रिलमध्येच आला. तिची आई, सुनंदा, म्हणाली, "बाबांना टाटा कर." दीक्षाने हँडल सोडलं नाही आणि मान वर केली नाही. माझी आई मात्र पायरी उतरून खाली आली, हातात लाडवांचा डबा दिला आणि म्हणाली, "रस्ता कुठे पळून जात नाही. सावकाश चालव." गावात मी जीप चालवायचो, आता परदेशात ट्रक चालवणार होतो. तिच्या लेखी फरक एवढाच.

सायकल दीक्षाला शेजारच्यांनी शिकवली. मला ते फोनवर कळलं.

जे माझ्यासारखे आखातात आले त्यांना पुढचं सांगायला नको, पण गावी राहिलेल्यांसाठी लिहितो. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. दर सुट्टीत घरी एक नवीनच मुलगी भेटायची. एकदा दात पडलेली, एकदा चष्मा लागलेली, एकदा माझ्यापेक्षा उंच. ओळख होईपर्यंत परतीचं तिकीट समोर यायचं. इकडे ओमानात मी बरका गावी अर्बाबच्या शेतावर, म्हणजे आमच्या मालकाच्या शेतावर, ट्रक चालवतो. टोमॅटो, काकड्या, वांगी भरायची आणि रुस्ताकच्या बाजारापासून मस्कतच्या दुकानांपर्यंत पोचवायची. मस्कतमधल्या अल् घुब्राला सकाळी माल उतरवताना शाळेची वेळ असते. आपलीच मराठी माणसं इस्त्रीच्या शर्टात पोरांचं दप्तर धरून उभी दिसतात. पोरं इंग्रजीत काहीतरी मागत असतात, बाप मराठीत नको म्हणत असतात. त्यांचा हेवा वाटायचा. पगाराचा नाही, त्या नको म्हणण्याचा.

दीक्षा नर्स झाली आणि इंग्लंडला गेली. मागच्या वर्षी तिचा फोन आला, "बाबा, आजीला सोडून आई निघू शकत नाही. तुम्ही तरी या." अर्बाबकडे तीन आठवडे रजा मागितली. तो म्हणाला, "बेटी बुलाती है तो जाओ. काम इधर ही रहेगा. यल्ला, निकलो."

लंडनपासून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावरचं ते गाव. नाव लिहीत नाही, कारण जसं लिहितात तसं तिथे कोणी बोलत नाही. मे महिना होता. इतकी हिरवी पानं मी एका जागी कोकणातही श्रावणाशिवाय पाहिली नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं वर जाऊन एकमेकांना भिडलेली, घरांपुढे डोक्याच्या उंचीला कापलेली झुडपांची कुंपणं, चेस्टनटच्या झाडांवर पांढऱ्या फुलांचे तुरे. स्टेशनवर दीक्षा मैत्रिणीची गाडी घेऊन आली होती, म्हणजे मैत्रीण चालवत होती. बावीस वर्षं ओमानात डावीकडच्या स्टिअरिंगची सवय. मी बिनदिक्कत उजवं दार उघडून बसलो, तर समोर स्टिअरिंग. दोघी हसल्या. हसताना दीक्षा किती तिच्या आईसारखी दिसते हे मला तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी खरी गोष्ट बाहेर आली. तिला नवीन काम मिळत होतं. आजूबाजूच्या गावांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची जखम धुवायची, इंजेक्शन द्यायचं. तिला हेच काम हवं होतं. पण त्याला लायसन्स लागतं, आणि टेस्टमध्ये ती दोनदा नापास झाली होती. तिसरी टेस्ट माझ्या परतीच्या दोन दिवस आधी. तीही हुकली तर काम दुसऱ्या कोणाला मिळणार.

"मला बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? ड्रायव्हरची मुलगी आणि दोनदा नापास."

मी म्हटलं, उद्यापासून मी शिकवतो. तर ती म्हणाली तसं चालत नाही. शिकणाऱ्याशेजारी बसायला तिथलंच जुनं लायसन्स लागतं, माझं ओमानचं कामाचं नाही. हयात ट्रक हाकण्यात गेली आणि पोरीशेजारी बसायची परवानगी नाही. शिकवणारी बाई चांगली होती. तिने मला एकदा मागच्या सीटवर बसू दिलं. तासभर मी तोंड मिटून बसलो. दीक्षाला गाडी येत होती. क्लच, गिअर, ब्रेक, सगळं नीट. पण दोन्हीकडे गाड्या लावलेल्या अरुंद गल्लीत शिरली की ती थांबायची आणि थांबूनच राहायची. गोल चौकाशी तर मागच्या गाड्यांची रांग लागली तरी पुढे सरेना.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "चल, पायी जाऊ."

"कुठे?"

"तुझ्या टेस्टच्या रस्त्यांवर. गाडीत बसायला बंदी आहे, चालायला नाही."

असं आमचं सुरू झालं. ड्यूटीवरून आली की चहा घ्यायचा आणि निघायचं. फुटपाथवरून आम्ही गाडीसारखे चालायचो. वळणाआधी मी विचारायचो, आरसा बघितलास? मागे कोण आहे? ती म्हणायची, "बाबा, लोक बघतायत." मी म्हणायचो, बघू देत, त्यांनाही शिकायला मिळेल. एका घरापुढे एक म्हातारे गृहस्थ कुंपण कापत असत. त्यांनी विचारलं, काही हरवलंय का तुमचं? दीक्षाने लाजत लाजत सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दिसताच ते कात्री वर करून म्हणाले, "मिरर." पुढे रोजच म्हणायचे.

चालताना मला तिची खोड कळली. ती जवळ बघते. पायापुढचं, बॉनेटपुढचं. बरका-रुस्ताक रस्त्यावर नजर डोंगरापर्यंत जाते, तिथे कोणीही ड्रायव्हर होतो. इथे पानांमुळे दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. पण मी घाटातल्या वळणांवर शिकलोय. तिथेही पुढचं दिसत नसतं, ओळखावं लागतं.

"त्या झाडामागे काय आहे?"

"दिसत नाही."

"दिसत नाही ते ठाऊक आहे. काय असेल?"

ती थांबली. "कचऱ्याचे डबे बाहेर ठेवलेत, म्हणजे आज गाडी येणार. कचऱ्याची गाडी असेल."

वळलो तर नव्हती. पण ती विचार करायला लागली होती.

सहाव्या दिवशी मात्र तिचा तोल गेला. पाऊस भुरभुरत होता, ती बारा तास उभी राहून आली होती, आणि मी त्याच चौकाला तिसरी फेरी मारायला लावत होतो. ती फुटपाथवरच थांबली. "बाबा, बावीस वर्षांचं सगळं तुम्ही या तीन आठवड्यांत भरून काढताय का? मला नाही येत. तुम्हाला पहिल्याच फटक्यात लायसन्स मिळालं, तुम्हाला नाही कळणार."

मी तिथल्या बाकावर बसलो. बाक ओला होता. तिला म्हटलं, "बस."

मग तिला ते सांगितलं जे आजवर घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. मला ओमानचं लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं नव्हतं. चार वेळा नापास झालो होतो. एकदा परीक्षेच्या मैदानात ठेवलेल्या ड्रमच्या मधून गाडी मागे घेताना ड्रम पाडला. पुढच्या तिन्ही वेळा रस्त्यावर. डावीकडून चालवायची सवय हातातून जाईना, चुकीच्या बाजूला वळायचो. शेजारचा पोलीस शांतपणे म्हणायचा, "खलास," आणि मी उतरायचो. पाचव्यांदा पास होईपर्यंत सात महिने शेतावर क्रेट उचलत होतो. घरी फोनवर मात्र सांगितलं, पहिल्या दिवशीच मिळालं. मी ओमानला निघालो तेव्हाच तुझ्या आजीने गावभर साखर वाटली होती, तिला काय सांगणार?

दीक्षाने माझ्याकडे वळून विचारलं, "चार वेळा?"

"चार."

"आणि आई मला दोन्ही वेळा नापास झाल्यावर म्हणाली, बाबांचं बघ, पहिल्याच दिवशी..." तिने तोंडावर हात घेतला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. मग रडलीही थोडी. मीही.

मी बढाई म्हणून एक खोटं बोललो होतो आणि ते समुद्र ओलांडून पोरीच्या मानेवर बसलं होतं. मी तिथूनच सुनंदाला फोन लावला आणि खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. सात महिने तुम्ही ट्रकबद्दल एक शब्द बोलला नव्हतात." मग म्हणाली, "तिला द्या फोन." मायलेकी काय बोलल्या मी ऐकलं नाही. मुद्दाम चार पावलं लांब गेलो.

त्यानंतर ती रोज माझ्याआधी बूट घालून तयार असायची. चौकाशी आलो की मी काही विचारायच्या आत तीच बोलू लागायची. उजवीकडची निळी गाडी वळणार, चाक बघा तिचं. ती बाई फोनवर आहे, तिचा भरवसा नाही. आता जागा आहे, जा. ते "जा" ती स्वतःला म्हणायची, आणि जायची.

टेस्टच्या दिवशी मी सेंटरच्या बाहेर उभा होतो. पाऊण तास. बावीस वर्षांत ट्रकला अपघात नाही, पण त्या पाऊण तासात आत येणारी प्रत्येक गाडी मी दोनदा बघितली. गाडी आत आली, नीट रेषेत लागली. परीक्षक काही बोलत होता, काचेआड ऐकू येत नव्हतं. मग दीक्षा उतरली. मला वाटलं होतं धावत येईल. ती सरळ चालत आली, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, आपण पास झालो."

दोन दिवसांनी तिने मैत्रिणीच्या गाडीतून मला स्टेशनवर सोडलं. पानांच्या त्या बोगद्यातून ती चालवत होती आणि मी शेजारी, योग्य दारातून बसलेला. एका घरापुढे तिने हॉर्न न देता नुसता हात केला. म्हातारबाबांनी कात्री वर केली. मी सांगण्यासारखं काही शोधत होतो, आरसा, ब्रेक, काहीतरी. काही सापडलं नाही. मग मी बाहेरची झाडं बघितली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नुसती झाडं म्हणून.

बरक्याला परतलो तेव्हा तापमान पंचेचाळीसच्या घरात होतं. दीक्षा आता रोज तिच्या वाटेवरच्या माणसांची हकिकत सांगते. कुठल्या गल्लीत कोणाच्या पायाची जखम भरत आली, कोणी तिच्यासाठी केक ठेवला. गाडी थांबवून, इंजिन बंद करून फोन करते, हे ती आधी सांगते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मासळी बाजारासमोर आमच्याच शेतावरचा एक केरळचा गडी भेटला. इथे रजा संपवून आलेल्या प्रत्येकाला जे विचारतात तेच त्याने विचारलं, "भाई, घर हो के आया?" बावीस वर्षं या प्रश्नाचा अर्थ एकच होता, देवरूखकडचं ते अंगण. जिथे मी याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं अशा एका परक्या गावाहून मी आलो होतो. तरी मी त्याला म्हटलं, "हो, घरीच जाऊन आलो."