तितराचा जबाब

उंबरमाळीच्या वरच्या ठाकूरवाडीत बुध्याचं नाव झालं ते तितरामुळे. माणूस ओळखीचा असो नसो, त्याचा पिंजऱ्यातला बोलका तितर सगळ्यांना ठाऊक. पिंजरा माळावर ठेवायचा, भोवती दोऱ्याचे फासे लावायचे आणि झुडपामागे दबून बसायचं. पिंजऱ्यातला ओरडला की रानातला नर चिडतो. माझ्या माळावर हा कोण उपटसुंभ, म्हणून भांडायला धावतो आणि फाशात पाय अडकवून घेतो. काम सोपं, शिकारीला बंदी कडक. पण बंदीला विचारतो कोण?

आता मात्र दोन पावसाळे झाले, तितर घसा फोडून ओरडतोय आणि रान गप्प.

सून प्रमिला तोंडाची फटकळ. भाकरी थापता थापता म्हणाली, "मामा, तुमीच संपवलात रान. ढाब्याला तितरांच्या जोड्या कोण न्यायचा?"

बुध्याच्या जिव्हारी लागलं. "मी एकटा काय गो? जेसीबीनं माळ सपाट केला तो मी? बांधावर तणनाशक मारतात ते मी? फार्महाउसवाले सुट्टीला येऊन छर्रे उडवतात, ते नाय दिसत?"

बोलला ते एकेक अक्षर खरं होतं. तरी तो भाकरी अर्धी टाकून उठला. त्याचा बाप फाशात मादी सापडली की सोडून द्यायचा. वाडीची रीतच होती ती. मग हायवेवरच्या ढाब्याला जोडी हवी झाली आणि रीत गेली. कुणी मोडली म्हणावं? सगळ्यांनीच, थोडी थोडी.

त्याला आता एकच हवं होतं, रानातून एक जबाब. एक तितर जरी बोलला, तरी आपल्या हातून सगळं संपलेलं नाही, एवढं तरी म्हणता येईल. फासे लावायचे नाहीत, नुसतं ऐकायचं, असं ठरवून तो पहाटे पिंजरा घेऊन वर गेला. फासे सवयीनं खांद्यावर आलेच.

तितर ओरडला. आणि टेकडीपलीकडून जबाब आला. कडक, तरणाताठा आवाज. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. हा पुन्हा ओरडला, पुन्हा जबाब. बुध्या ऐकत राहिला आणि ऐकता ऐकता फासे रोवू लागला. ठरवलेलं डोक्यात राहिलं, हातांना कोण सांगणार? फासे लावून तो दबून बसला. पण पलीकडचा जागचा हलेना. बोलतोय जोरात, येत मात्र नाही. असला कसला भित्रा नर? शेवटी बुध्याच वाकून वाकून टेकडी ओलांडून गेला.

करवंदीच्या जाळीमागे पलीकडच्या वाडीचा सुदाम बसला होता. समोर पिंजरा, पिंजऱ्यात तितर, भोवती फासे.



"मला वाटलं, रानातला हाय," सुदाम म्हणाला. "किती दिसांनी ऐकला. जीव हरखला रे."

"माझा पण."

"फासे लावलेस?"

बुध्यानं मान डोलावली. खोटं बोलण्यासारखं आता उरलं होतं काय? तो सुदामच्या शेजारी मटकन बसला. टेकडीच्या दोन बाजूंनी दोन तितर एकमेकांना आव्हान देत ओरडतच होते.

"बरं झालं, खरा नव्हता," बुध्या म्हणाला. "असता, तर आतापावेतो तुझ्या नायतर माझ्या फाशात असता."