पेटीमास्तरांचा डावा हात

आमचे सासरे देवाचे आभार आधी मानत आणि कशाबद्दल ते मागाहून शोधत. गडमुडशिंगीला प्रार्थनेसाठी जायचं असलं, की एस.टी. दिसायच्या आतच "देवबापा, गाडी दिलीस, उपकार झालं" म्हणून मोकळे. गाडी आलीच नाही, तर चालता चालता म्हणत, "पाय दिलंस, उपकार झालं." त्यांची पेटी डोक्यावर घेऊन मागून चालणारा जावई मी. माझ्या मानेबद्दल कुणी आभार मानल्याचं आठवत नाही.

शाळेत ते गणित शिकवत, पण गल्ली त्यांना पेटीमास्तरच म्हणे. आमच्या चर्चमध्ये वीस वर्षं पेटी त्यांच्याच हाताखाली होती. मी मूळचा जयसिंगपूरचा, कोल्हापुरात कारकून. त्यांच्या शांताशी लग्न झालं आणि त्यांचा 'पावणं' झालो. कोल्हापुरात जावयाला मान मोठा, पण त्या मानानं बोलणी काही कमी होत नाहीत. पहिल्याच रविवारी माझा आवाज ऐकून ते म्हणाले, "पावणं, तुमी नुसतं ओठ हलवा. देव समदं ऐकतोय."

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली. तीन दिवस वाचाही बंद. सासूबाई चमच्यानं पेज भरवत आणि पदरानं डोळे पुसत. चौथ्या दिवशी उजव्या हाताची बोटं चादरीवर सारेगम चालायला लागली आणि तोंडातून शब्द आला, "उजवा ऱ्हायलाय. उपकार झालं."

तीन दिवस जीव मुठीत धरून बसलेल्या सासूबाई कडाडल्या, "आन डाव्याचं काय?"

"आजाराचं नाव वायू, आन माझा वाराच घिऊन गेला की," मास्तर हसले. अर्धंच हसू आलं, पण आलं.

विनोद खरा होता, तेच वाईट होतं. पेटीत सूर उजव्या हाताचा असला तरी भाता डाव्याचा. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. भला माणूस. म्हणाले, "मास्तर, आता विश्रांती घ्या. मिरजेचा एक वाजवणारा पाहून ठेवलाय."

"नाताळपातूर थांबा," एवढंच मास्तर बोलले. साहेब गेल्यावर मात्र मला जवळ बोलावलं. "पेटी गेली, तर मी नुसता गणिताचा मास्तर उरतो, पावणं." मग डोळे मिटून म्हणाले, "देवा, वारा धाड."

देवानं घरभर नजर फिरवली असावी. मोकळा बसलेला मीच होतो.

मी त्यांच्यासमोर, पेटीच्या पलीकडं बसलो. आयुष्यात हवा भरली होती ती फक्त सायकलीत. त्याच जोमानं भाता मारला. पेटी हंबरली. "पावणं, म्हस व्याय लागली का काय घरात? तान्हं पोर निजवताय, असा घाला वारा!" त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की रोज दोन तास तालीम. कधी माझी लय जाई, कधी त्यांची बोटंही आखडत. घामाघूम होत, पण थांबत नसत. बोट घसरलं, की एकच शब्द: "परत." त्यांनी चर्चमध्ये कधी उपदेश केला नाही. केला असता, तर तो एवढाच झाला असता.

नाताळ आला. पहिलं कडवं सुरळीत पार पडलं. दुसऱ्यात काय झालं कोण जाणे, मला ते इतकं गोड वाटलं की ऐकता ऐकता हात थांबला. पेटीनं धाप टाकली आणि गप्प. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मास्तर भर चर्चमध्ये ओरडले, "पावणं, जागं व्हा!" पाळकसाहेबांसकट सगळे हसले आणि हसत हसत गातच राहिले. तिसऱ्या कडव्याला आम्ही त्यांना गाठलं.

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. "पेटी थांबली, गाणं थांबलं व्हय?" ते म्हणाले. "मंडळी म्हणतच हुती की. आपून पडल्यावर धरायला देवानं एवढी माणसं ठेवल्यात, तुमी कशाला रडताय?"

मिरजेच्या माणसाला बोलावणं गेलं नाही. पुढं चार वर्षं आम्ही दोघं मिळून एक पेटी वाजवली. मला सूर शेवटपर्यंत कळला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून वारा कमी-जास्त करायला तेवढा शिकलो.

शेवटच्या रविवारी गीत संपलं, तरी त्यांचं बोट एका पट्टीवर तसंच होतं. मी भाता घालत राहिलो. सूर लांबत गेला, मंडळी वळून बघायला लागली. मग त्यांनी बोट उचललं. "बास, पावणं. ऱ्हायलेला वारा राखून ठेवा. कुणाला तरी लागंल."

बुधवारी ते गेले. आता चर्चमध्ये कुणाचं काही अडलं, की लोक आधी माझं दार वाजवतात. तुम्हाला काय येतं, असं कुणी विचारत नाही. मीही स्वतःला ते विचारायचं सोडून दिलंय; चप्पल घालतो आणि निघतो.