तापलेल्या टँकवर बसलेला लोडर

आर्मर्ड रेजिमेंटला नर्सिंग असिस्टंट म्हणून माझी पोस्टिंग बबीन्याला झाली. झाशीतलं आमचं घर तिथून तासाभराच्या आत. आई खूश झाली, मी नाही. मे महिन्यातली फायरिंग रेंज म्हणजे भट्टी, आणि टँकवाल्यांच्या कंबरा बारा महिने धरलेल्या.

सिव्हिलियन लोकांना वाटतं, टँकमध्ये नुसतं बसून फिरायचं. लोडरला विचारा. अरुंद जागेत वाकायचं, जड गोळा उचलायचा, कंबरेत वळून तोफेत सारायचा, आणि हे सगळं हादरे खात. सकाळच्या सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी जवानांच्या तपासणीला, निम्मी रांग कमरेची असायची. बहुतेकांना भयंकर काही झालेलं नसे. शेक घ्या, दोन-तीन दिवस वजन उचलू नका, पण चालत राहा, एवढ्यानं ते बरे होत. खाटेला चिकटून पडलेल्याची कंबर आणखी आखडते, हे मी शिव्या देऊन सांगायचो. अजूनही देतो.

आमच्या टँकतुकडीच्या प्रमुख रिसालदाराला मात्र कमरदुखीचं एकच निदान ठाऊक होतं: बहाना. त्याचं नाव लिहीत नाही. तो जिवंत आहे, आणि मला तो अजिबात आवडत नाही.

हरिमोहन सवार होता, म्हणजे आमच्याकडचा साधा जवान; झाशीपुढच्या मोठजवळच्या गावचा. त्या सकाळी तो रांगेत आला. कमरेतून दोन्ही पायांत कळ जाते म्हणाला, बाकी काही बोलला नाही. डॉक्टर साहेबांनी लाइट ड्यूटी दिली. रिसालदारानं त्याला तरीही टँकवर चढवलं. लोडर कमी होते.

जेवणाच्या सुट्टीत मी अँब्युलन्सपाशी उभा होतो. उन्हात टँकचं लोखंड इतकं तापतं की हात टेकवत नाही. पोरं गोणपाट दुमडून त्यावर बसतात. हरिमोहन नुसत्या लोखंडावर बसून निवांत पुरी-भाजी खात होता.

“अबे उठ! भुन जाएगा!”

“कछू नईं लग रओ, भैया.”

मी त्याला हाताला धरून खाली उतरवलं. त्याला अँब्युलन्सच्या आड नेऊन पँट उतरवायला लावली. मांड्यांच्या मागे लालभडक चट्टे, दोन फोड आलेले. त्याला पत्ताच नव्हता.

“पेशाब हुआ?”

त्यानं मान खाली घातली. “भोर सें नईं भओ.” पहाटेपासून थेंब नाही.

“सिक रिपोर्ट में क्यों नहीं बोला?”

“पाछें पूरी लैन ठाड़ी ती. सबके सामने कैसें कहते?” मागे उभ्या रांगेची लाज वाटली होती त्याला.

मणक्यातली चकती सरकून खालच्या नसांचा जुडगा दाबला गेला की असं होतं. बसायची जागा बधिर आणि लघवी बंद, म्हणजे शेक, मालिश, विश्रांती यांचा विषय संपला. ऑपरेशन लागतं, आणि जितका उशीर तितकं नुकसान.

हॉस्पिटलचा रस्ता रेंजच्या कडेनं जातो. फायर थांबल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, आणि तोवर फायर पुन्हा सुरू झालं होतं. मी वायरलेस सेटवर रिसालदाराला गाठलं.

“साब, सीझ फायर चाहिए. कॅज्युअल्टी है.”

“क्या लगा?”

“कमर है साब. नस दबी है.”

सेटवर कोणीतरी हसलं.

“कमर के लिए रेंज बंद करूँ? शाम को ले जाना. आउट.”

मी पुन्हा बोलावलं. उत्तर नाही. तिसऱ्यांदाही नाही. माझा सेट थेट टॉवरला लागत नव्हता. हरिमोहनला ड्रायव्हरच्या हवाली करून मी मागच्या नाल्यातून कंट्रोल टॉवरकडे पळत सुटलो. टॉवर लांब, नाला वळणावळणाचा. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. रेंज सांभाळणाऱ्या मेजर साहेबांनी अर्धं ऐकूनच माईक उचलला.

“ऑल स्टेशन्स, सीझ फायर. नाऊ.”

तोफा गप्प झाल्या. एवढंच करायचं होतं.

त्याच रात्री ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, पाय वाचतील, लघवीचं सांगता येत नाही. दुपारी आणला असता तर बरं झालं असतं. मला परवानगीशिवाय जागा सोडल्याबद्दल पेशीवर, म्हणजे साहेबांपुढे चौकशीला, उभं केलं. तक्रार रिसालदाराची. मेजर साहेबांनी ती फेटाळली, म्हणून त्याचा जळफळाट झाला. मला आजही त्याचा आनंद होतो.

हरिमोहन चालत घरी गेला, पण लघवीची नळी लावून. मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवून नोकरीतून काढलं. नळीतून इन्फेक्शन, पुन्हा इन्फेक्शन, मग किडन्या. काही वर्षांनी मोठच्या घाटावर मी त्याच्या चितेपाशी उभा होतो. रिसालदारही आला होता, कडक इस्त्रीच्या कपड्यांत.

“बहादुर जवान था,” तो हरिमोहनच्या वडिलांना म्हणाला.

“बहानेबाज था ना, साब?” मी सगळ्यांसमोर विचारलं. तो गाडीत जाऊन बसला.

आता मी झाशीतच दतिया गेटपाशी राहतो. गल्लीतलं कोणी कंबर धरून आलं की आधी विचारतो, बसायची जागा बधिर झालीय का, लघवी अडलीय का, पाय लुळे पडतायत का. यातलं काहीही असेल तर रिक्षात घालून थेट हॉस्पिटल. नसेल तर उठा आणि चाला. बायको वैतागते.

“अहो, बायकामाणसांना असलं काय विचारता? परवा जोशीवहिनी रागावून गेल्या!”

रागावू देत. लाजेनं गप्प बसलेला एक माणूस मी जाळून आलोय.

रेजिमेंटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. तिथे लढाईत पडलेल्यांची नावं असतात, आणि हा म्हणे कमरदुखीनं गेला. म्हणून मी इथे लिहितो.

सवार हरिमोहन. लोडर. ड्यूटीवर असताना पडला.