गंध लावलेलं यंत्र

लामदुअनताई आमच्या जिल्हा रुग्णालयात पेशी बघते. गर्भाशयाच्या मुखाशी फिरवलेला ब्रश काचपट्टीवर उतरला, की पुढचं सगळं तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली. माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत, पेशी राहतात. जावयालासुद्धा ती अधूनमधून नाव विचारते.

यंदा तिच्या मदतीला संगणक आला. तो काचपट्टीचे फोटो काढतो, पेशी मोजूनमापून बघतो आणि जिचं केंद्रक फुगलेलं, काळवंडलेलं दिसेल तिच्याभोवती लाल चौकट आखतो. निकाल मात्र माणसानेच द्यायचा.

आमच्या ईसानात, म्हणजे थायलंडच्या ईशान्येला, नवी मोटार भिक्खूंच्या गंधाशिवाय रस्त्यावर येत नाही. कर्करोग शोधणारं यंत्र तसंच कसं सुरू करणार? भिक्खूंनी झाकणावर पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके दिले. ताईला ते जरा वरवरचं वाटलं. मंडळी जेवायला गेल्यावर तिने झाकण उघडून आतही एक ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी यंत्राने झाडून सगळ्या बायकांना संशयित ठरवलं. त्यात फाटकाशी कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकणारी बुनलुआही होती. तिची थोरली बहीण याच दुखण्याने गेलेली. रोज सकाळी ती खिडकीशी येऊन विचारायची, "ताई, माझं काय झालं गं?"

"दम धर. आणि मिरच्या कमी घाल."

डॉक्टर थीरा पडद्यासमोर बसले. "यंत्राच्या मते आपला अख्खा जिल्हा गेला. पण ताई, हा डाग प्रत्येक फोटोत एकाच कोपऱ्यात कसा? कॅन्सर इतका शिस्तीचा नसतो."

झाकण उघडलं. गंध वाळून खालच्या काचेवर सांडलं होतं. पांढरी भुकटी, पण खालचा उजेड अडवत असल्यामुळे फोटोत काळी.

"इतक्या आत कुणी लावलं?"

"भिक्खूंचा हात लांब आहे," ताई म्हणाली.

काच पुसून सगळ्या पट्ट्या पुन्हा घातल्या. चौकटी भराभर गेल्या. एका पट्टीवरची गेली नाही. बुनलुआची.

ताईने ती सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि बराच वेळ डोकं वर काढलं नाही. बदल होता; पण लहान, कॅन्सर व्हायच्या आधीचा. डॉक्टरांनीही पाहून होकारार्थी मान हलवली. ताई तशीच फाटकाशी गेली.

"बुनलुआ, तो बत्ता खाली ठेव."

"मेले का मी?"

"अजून नाही. आधी छोटा तुकडा काढून तपासतील. मग तेवढा भाग काढून टाकतील. वेळेत सापडलंय."

"तेवढंच ना? मग तोंड असं का केलंयस, माझी कोशिंबीर खाल्ल्यासारखं?"

तेवढा भाग काढल्यावर पुढच्या तपासणीत तिची पट्टी स्वच्छ आली. त्या दिवशी ती वाटीभर गंध घेऊनच हजर झाली. "आत ठिपका होता म्हणून सापडलं. आता पुन्हा लावा."

डॉक्टरांकडे शास्त्रीय उत्तर होतं; पण तोंडात तिचीच कोशिंबीर होती. यंत्राला कुणी हात लावायचा नाही, एवढं त्यांनी खुणेने सांगितलं. ठिपका टेबलाच्या पायाला चालेल, असंही सुचवलं. पवित्र गंध आणि पायाला! दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांना घास घाईने गिळावा लागला.

शेवटी ठिपका डॉक्टरांच्या कपाळावर आला. यंत्राला त्याचा काही त्रास नाही.